मेट्रोच्या गेटवर अडकता? गावाकडून येणाऱ्यांनो, या चुका टाळा

एसटीत आधी चढायचं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, बूड टेकवायचं, मग कंडक्टर आपल्यापाशी येऊन तिकीट देतो. मेट्रोत हा क्रम उलटा आहे. तिकीट आधी, गाडी नंतर. आणि तिकीट तपासायला माणूस नसतो, कंबरेइतकं उंच गेट असतं. ते दोनदा तपासतं, आत जाताना आणि बाहेर पडताना. गावाकडची माणसं गेटवर अडकतात त्यामागे बहुतेक वेळा ही एसटीची सवयच असते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मागे रांग साचते, कोणीतरी "चला ना काका" म्हणून खेकसतं, माणूस गांगरतो. आणि एकदा गांगरला की पुढची चूक ठरलेली.

नागपूर मेट्रो लोकांसाठी ८ मार्च २०१९ ला सुरू झाली. पहिल्या टप्प्यातले उरलेले पट्टे ११ डिसेंबर २०२२ ला खुले झाले. आता हिंगणघाट-बुटीबोरीकडून वर्धा रोडनं येणाऱ्याला खापरी, भंडारा-मौद्याकडून येणाऱ्याला प्रजापती नगर, रामटेक-कामठीकडून येणाऱ्याला ऑटोमोटिव्ह चौक आणि हिंगण्याकडून येणाऱ्याला लोकमान्य नगर, अशी चारही बाजूंनी शहरात शिरतानाच मेट्रो भेटते. दुसऱ्या टप्प्यात ती बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि कापसीकडे जायची आहे. नागपूरची मेट्रो बहुतेक ठिकाणी डोक्यावरून धावते. भुयारी स्टेशनं बघायची तर पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट, किंवा मुंबईत मेट्रो तीन. पोरं तिकडे नोकरीला असतात, मायबाप वर्षातून एकदा तरी जातात. गेट सगळीकडे एकाच जातीचं, त्यामुळे खालचं सगळं तिथेही कामी येईल.

गेट नेमकं काय बघतं

दोन लांबट खोक्यांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी वाट असते. त्या खोक्यांच्या आतल्या बाजूला ओळीनं बारीक काळे ठिपके किंवा काळी काच दिसते. तिथून न दिसणारे इन्फ्रारेड किरण समोरच्या खोक्यावर पडत असतात. आपण चालायला लागलो की हे किरण एकामागून एक तुटतात. ते कोणत्या क्रमानं तुटले यावरून मशीनला कळतं की माणूस आत चालला की बाहेर, मध्येच थांबला का, त्याच्या पाठीला चिकटून दुसरा घुसतोय का. त्याचा हिशोब साधा आहे: एक तिकीट वाचलं, एक माणूस गेला, झडपा बंद.

तिकिटाचा हिशोबही असाच आहे. आत जाताना तिकिटावर 'हा अमुक स्टेशनात शिरला' अशी नोंद पडते. बाहेर पडताना मशीन तीच नोंद शोधतं. नोंद सापडली आणि भाडं पुरलं की गेट उघडलं. नोंद नाही तर गेट नाही, मग तिकीट कितीही खरं असो. पुढच्या जवळजवळ सगळ्या भानगडी या एकाच गोष्टीतून उगवतात.

डाव्या हाताच्या मशीनला तिकीट दाखवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि समजावून सांगेपर्यंत माणसाला पटतही नाही. गेटसमोर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना खोके असतात आणि दोन्हींवर तिकीट दाखवायची जागा दिसते. आपल्या वाटेचं मशीन उजव्या हाताला असतं. डाव्या हाताचं शेजारच्या वाटेचं.

सीताबर्डीच्या स्टेशनात एका म्हाताऱ्या बाबांचं असंच झालं. उजव्या हातात थैली, म्हणून तिकीट डाव्या हातात. साहजिकच डावीकडे दाखवलं. बीप वाजलं, हिरवा दिवा लागला आणि शेजारच्या वाटेच्या झडपा उघडल्या. बाबा आपल्या समोरच्या झडपांकडे बघत उभे. चारपाच सेकंदांत शेजारच्या झडपा मिटल्या. बाबांनी परत तिकीट दाखवलं तर लाल दिवा. "मी तं दाखवलं ना बाप्पा, पण थे बाजूचंच उघडलं," असं ते मागच्या पोट्ट्याला सांगून राहिले होते, आणि पोट्ट्याला वाटलं बाबाचं तिकीटच खोटं आहे. गार्ड आला, म्हणाला, "काकाजी, उजव्या हाताले दाखवाचं असते." पण तोवर तिकिटावर 'आत गेला' अशी नोंद पडून चुकली होती. अशा वेळी दहादा तिकीट घासून काही होत नाही. गेटाजवळच्या कस्टमर केअरच्या खिडकीत जायचं आणि एवढंच सांगायचं की बाजूचं गेट उघडलं, मी आत गेलोच नाही. ते मशीनवर बघून मार्ग काढतात.

उपाय सोपा आहे. थैली डाव्या हातात, तिकीट उजव्या. डावखुऱ्यांनी हात आडवा नेऊन उजवीकडेच दाखवायचं, त्याला इलाज नाही. चुकून डावीकडे दाखवलंच आणि शेजारची वाट उघडली, तर ती मिटायच्या आत त्याच वाटेनं पार व्हा. मागे कोणी उभं असेल तर त्याला थांबवा. नाहीतर तुमच्या तिकिटावर तोच आत जाईल.

कार्ड लांब आणि क्यूआर चिकटवून

मेट्रोचं तिकीट म्हणजे एकतर कार्ड, नाहीतर क्यूआर, म्हणजे कागदावरचा किंवा मोबाईलवरचा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. कार्ड टेकवायचं असतं, क्यूआर थोडा लांब धरायचा असतो. लोक नेमकं उलटं करतात. कार्डात बॅटरी नसते. गेटवरच्या कार्ड वाचणाऱ्या मशीनमधून निघणाऱ्या लहरींवर त्याची चिप जागी होते, म्हणून कार्ड जवळ लागतं. टेकवा, मनात 'एक' म्हणा, मग उचला. माशी मारल्यासारखं फटकन आपटून हात मागे घेतला तर वाचन अर्ध्यात तुटतं. तसं झालं तर तेच कार्ड त्याच गेटवर परत टेकवा, दुसऱ्या गेटकडे धावू नका.

क्यूआरचं वेगळं. तिथे काचेखाली कॅमेरा असतो आणि कॅमेऱ्याला पूर्ण चौकोन दिसावा लागतो. कागद किंवा मोबाईल काचेवर दाबून धरला तर त्याला नुसता काळोख दिसतो. चार बोटं वर धरा, हलवू नका. मोबाईल असेल तर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. उन्हातून आलेल्या माणसाचा स्क्रीन बऱ्याचदा मंद करून ठेवलेला असतो, आणि तडा नेमका क्यूआरच्या मधोमध गेलेला असतो. तडा किरकोळ असेल तर चालून जातं, कारण क्यूआरची रचनाच अशी आहे की थोडा भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवता येतो. जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीनं १९९४ मध्ये तो काढला तो कारखान्यातल्या सुट्या भागांवर नजर ठेवायला, जिथे तेलाचे डाग आणि ओरखडे रोजचेच. अगदी वरच्या प्रतीच्या क्यूआरमध्ये सुमारे ३० टक्के भाग गेला तरी वाचता येतो. पण कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन गेले की खेळ खलास.

आता कागदी तिकिटाचं. एसटीचं तिकीट घडी घालून घड्याळाच्या पट्ट्यात खोचायची आपली जुनी पद्धत. क्यूआरवर घडी पडली, तिच्यावर घाम मुरला, की कॅमेरा नाही म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीसोबत एकाच खिशात तिकीट. चुन्याचा ओला डाग क्यूआरवर बसला तर सांगायला कोणाकडे जाणार? तिकीट शर्टाच्या वरच्या खिशात, एकटं. (खर्रा स्टेशनात थुंकता येत नाही, तो विषय वेगळा.)

कार्डवाल्यांसाठी अजून एक. पाकिटात दोनतीन कार्डं असतील तर सगळं पाकीट टेकवू नका. एटीएम कार्ड, मेट्रो कार्ड, कंपनीचं हजेरी कार्ड, सगळी एकदम बोलायला लागतात आणि मशीन कोणाचंच ऐकत नाही. हवं ते कार्ड बाहेर काढून टेकवा. आणि साधं एटीएम कार्ड गेटवर चालेल असं धरून चालू नका. लंडनच्या मेट्रोत २०१४ पासून बँकेचं कार्ड थेट टेकवून जाता येतं. आपल्याकडे त्यासाठी मार्च २०१९ मध्ये आलेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड (ठिकठिकाणच्या मेट्रो-बसला चालावं म्हणून काढलेलं एकच कार्ड) लागतं, आणि त्यातही फसगत होते. त्याच्या चिपमधले पैसे बँक खात्यापेक्षा वेगळे असतात. पोरानं पुण्याहून मोबाईलवरून टॉपअप केला म्हणजे ते पैसे कार्डात आपोआप चढले असं होत नाही. स्टेशनातल्या मशीनवर किंवा खिडकीत कार्ड लावून ते चढवून घ्यावे लागतात. "खात्यातून तर कटले" म्हणून गेटवर वाद घालणाऱ्यांचा बहुतेक हाच घोटाळा असतो.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की आपण खेड्यातले म्हणून आपल्याला जमत नाही. टोकियोत काय झालं ते ऐका. तिथल्या रेल्वेनं सुईका कार्ड १८ नोव्हेंबर २००१ ला सुरू केलं. त्याआधीच्या चाचण्यांत दिसलं की रोज लोकलनं जाणाऱ्यांनाही कार्ड नेमकं कुठे आणि कसं धरायचं ते कळत नव्हतं. कोणी उभं धरी, कोणी हलवत राही. शेवटी डिझाइनर शुनजी यामानाका यांनी कार्ड वाचणाऱ्या मशीनचा पृष्ठभाग १३.५ अंशांनी माणसाकडे कलता केला आणि भोवती दिवा लावला, तेव्हा हात आपसूक तिकडे जायला लागले. चूक मशीनच्या बनावटीतही असते.

चौघं मिळून एक मोबाईल

लग्नाचा बस्ता काढायला किंवा दवाखान्यात घरचे चौघं निघतात आणि तिकिटं एकाच्या मोबाईलवर. मोबाईलवाला जवान पोट्टा, तो सगळ्यांच्या पुढे. आपला क्यूआर दाखवतो आणि पलीकडे जातो. आता माय, मावशी आणि लहान भाऊ अलीकडे, मोबाईल पलीकडे. मग झडपांवरून मोबाईल फेकाफेकी.

मोबाईलवाला सगळ्यात शेवटी. तो उजव्या बाजूला उभा राहून एकेक क्यूआर दाखवतो, एकेक जण जातो, शेवटी तो स्वतः. प्रत्येक माणसाचं तिकीट वेगळं असेल तर दरवेळी पुढच्या क्यूआरवर सरकवायला विसरू नका. तोच क्यूआर दुसऱ्यांदा दाखवला की मशीन म्हणतं, हा तर आत गेला. कार्डाचंही तेच. नवरा-बायकोनं एका कार्डावर जायचा प्रयत्न करू नये. पहिला आत गेला की ते कार्ड बाहेर पडेपर्यंत अडकलेलं असतं.

पोरगं बरोबर असेल तर ते आपल्या पुढे चालवा, मागे नको. आपण निघून गेलो आणि लेकरू मागे राहिलं तर झडपा मध्ये मिटतात. कडेवर असेल तर प्रश्नच नाही. किती उंचीच्या लेकराला तिकीट लागत नाही, ते काउंटरवर त्याला उभं करून विचारून घ्या.

थैली आधी, तिकीट नंतर

हातातलं चुंगडं पायानं वाटेत ढकलायचं आणि मग खिसे चाचपत तिकीट शोधायचं. पण किरण तुटले ना! मशीनच्या लेखी कोणीतरी तिकिटाशिवाय घुसलं. ते ओरडतं, आणि तुम्ही नंतर दाखवलेलं तिकीट काही वेळ वाचतच नाही. अशा वेळी सामानासकट दोन पावलं मागे या, वाट मोकळी करा, मग तिकीट दाखवा. दिवा हिरवा झाला की सामान पुढे, आपण मागे. चाकाची बॅग मागे ओढत नेली तर आपण पार होतो आणि बॅग झडपेत सापडते. पदर आणि ओढणीही सावरून घ्या.

मोठं सामान असेल तर कडेचं रुंद गेट वापरा. ते व्हीलचेअरसाठी असतं, पण सामानवाल्यांनाही जाऊ देतात. सामानाच्या वजनाला आणि आकाराला मर्यादा असते. आणि गेटच्या आधी तपासणी असते. बाजारातून घेतलेला विळा, कुऱ्हाडीचं पातं, फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन आलात तर गेटपर्यंत पोहोचणारच नाही. ते सामान एसटीवाल्या सोबत्याकडे द्या.

सगळे एकाच गेटवर

जिना उतरला की समोर जे गेट दिसतं त्यावर दहा माणसं आणि तीन गेट सोडून पलीकडे कोणीच नाही. हे कोणत्याही स्टेशनात बघा. माणूस सरळ रेषेत चालतो आणि पुढच्याच्या पाठीमागे उभा राहतो. मान वळवून डावी-उजवी बघितलं तर मोकळं गेट सापडतं. फक्त त्यावर हिरवा बाण आहे ना ते बघा. लाल फुली म्हणजे ती वाट समोरून येणाऱ्यांसाठी किंवा बंद. हे बाण गर्दीप्रमाणे बदलतात, त्यामुळे सकाळी ज्या गेटानं आत गेलात ते संध्याकाळी उलटं असू शकतं.

ढकलाढकलीनं काय होतं याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. डर्क हेल्बिंग, इलेश फार्कश आणि तमाश विचेक यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये संगणकावरच्या गर्दीचं गणित मांडलं: अरुंद दारातून जाताना माणसं जास्त वेग धरू लागली की ती एकमेकांना अडतात, दारापाशी कमान धरते आणि एकूण गर्दी बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. आपल्याला हे पेरणीच्या तिफणीवर माहीतच आहे. चाड्यात मूठभर बी एकदम टाकलं तर नळी तुंबते, बोटांतून मोजकं सोडलं तर सरळ खाली जातं. गेटवरही पुढच्यापासून एक हात अंतर ठेवा, म्हणजे मशीनला दोन माणसं वेगळी दिसतात. चिकटून गेलात की त्याला तिकीटचोर वाटतो आणि झडपा पुढच्याच्या कंबरेवर येतात.

तिकीट गेटापर्यंत जाऊन शोधायचं नाही, जिन्यावरूनच हातात ठेवायचं. आणि पार झाल्यावर तोंडाशीच उभं राहून मागच्यांची वाट बघायची नाही. चार पावलं पुढे, भिंतीकडे. जामठ्याला क्रिकेटचा सामना असेल किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं आली असतील, त्या दिवशी गाडी आली की एका दमात शेकडो लोक गेटवर येतात. तेव्हा दोन मिनिटं फलाटावरच थांबलात तर काही बिघडत नाही. दुसरी गाडी यायच्या आत गेट मोकळी होतात.

तिकीट फेकून देणं, आणि सीताबर्डीला बाहेर पडणं

आत शिरलो, काम झालं, असं समजून तिकीट फलाटावरच्या डब्यात. ही एसटीची सवय सगळ्यात महाग पडते, कारण बाहेर पडताना तेच तिकीट लागतं आणि नसेल तर दंड भरावा लागतो. मोबाईलवरचं तिकीट असेल तर बॅटरी किती उरली ते बघून निघा. भुयारी स्टेशनात नेटवर्कची खात्री नसते, म्हणून खाली उतरायच्या आधीच क्यूआर उघडून ठेवा.

दुसरी चूक सीताबर्डीची. तिथे दोन्ही मार्ग मिळतात. रामटेककडून आलेल्याला ऑटोमोटिव्ह चौकातून लोकमान्य नगरला जायचं तर सीताबर्डीला गाडी बदलायची. पण गाडी बदलायला गेटबाहेर जावं लागत नाही. जिना किंवा लिफ्टनं आतल्या आतच दुसऱ्या फलाटावर जायचं. सवयीनं गर्दीमागे गेलात आणि गेटवर तिकीट दाखवलं तर प्रवास तिथेच संपला असं मशीन धरतं, पुढे नवं तिकीट.

तिकीट जवळच्या स्टेशनचं आणि उतरलो लांबच्या, तरी घाबरायचं कारण नाही. कस्टमर केअरला फरक भरला की सोडतात. तसंच आत फार वेळ बसून राहू नका. तिकिटाला वेळेची मर्यादा असते. दिल्ली मेट्रोत ती १७० मिनिटांची ठेवलेली होती. उन्हाळ्यात थंड जागा म्हणून फलाटावर जेवणाचा डबा सोडून बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पेशंट सोबत असेल तेव्हा

मिहान भागातल्या एम्स दवाखान्यात जाणारे बरेच जण खापरीला उतरतात. सोबत पेशंट, कोणाच्या हाताला प्लास्टर, कोणी व्हीलचेअरवर. अशा वेळी साध्या गेटचा नाद सोडा आणि रुंद गेटाजवळच्या कर्मचाऱ्याला आधी हाक मारा. कधीकधी तो पेशंटची अवस्था बघून स्वतःच गेट उघडतो आणि "जा, जा" म्हणतो. त्याचा भाव चांगला असतो, पण तिथेच एक काम करून घ्या. पेशंटचं आणि तुमचं, दोन्ही तिकिटं मशीनवर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर तिकिटावर आत शिरल्याची नोंदच नसते, आणि उतरायच्या स्टेशनात पेशंटला उभं ठेवून खिडकीवर समजावत बसावं लागतं.